सव्वा लिटर

आधी रेडिएटर धुतला.
नवा कोरा, खोक्यातून नुकताच काढलेला,
तरी आत डाक दिल्याचा मळ असतोच,
म्हणून ऊन पाणी भरलं, दोन्ही तोंडांना बुचं लावली
आणि ढेकर काढायला तान्हं धरावं
तसा खांद्याशी धरून हलवत बसले अर्धा तास.
पहिल्या पाण्यात काळे कण. दुसऱ्यात थोडे.
पाचव्या पाण्यात
पातेल्याच्या तळाशी फक्त पातेलं.

विहिरीचं पाणी चालत नाही, नळाचंही नाही.
वेंगुर्ल्याच्या बाजारात बॅटरीच्या दुकानातून
डिस्टिल्डचे दोन कॅन आणले.
‘रिक्षा घेतलंस काय गो?’ दुकानदार म्हणाला.
म्हटलं, नाही, कॉम्प्युटरला.
त्याने सुटे पैसे दोनदा मोजले.

जुन्याचा बोर्ड दोन वर्षांत हिरवा पडला होता.
लोकांच्या न बांधलेल्या घरांत मी ऊन सोडते, सावल्या घालते,
एकेक चित्र शिजायला रात्र लागते,
आणि रात्रभर पंखे
खारा वारा आत ओढत राहतात.

नळ्या वाकवायला आग्नेल आला.
तो बंदरावर बोटींची इंजिनं उघडतो.
ॲक्रिलिकची नळी, तिच्या पोटात सिलिकॉनची दोरी,
हीट गनसमोर गोल गोल फिरवत म्हणाला,
‘घाई केलंस तर फोड येतलो.
दम धरलंस तर आपसूक वळतली.’
पहिली चिरडली. दुसरीला फोड.
तिसरी अशी काटकोनात उतरली
की आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललोच नाही.

मग कडा घासल्या, कारण धार राहिली
तर ओ-रिंग कापते,
आणि एवढ्या पैशांची भिस्त
त्या दीड रुपयाच्या काळ्या रबरावर.
प्रोसेसरवर पेस्ट, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी.
वर तांब्याचा ब्लॉक.
स्क्रू समोरासमोरचे, अर्धा अर्धा फेरा,
एकाला जास्त दिलं की दुसरा रुसतो.

आग्नेल वाकून बघत होता.
‘आमच्या इंजिनाक अख्खो दर्या लागता,
हयसून घेवचा, थयसून सोडूचा.
तुज्या पेटयेत ताच पाणी फिरतला?
कंटाळूचा नाय ता?’
मला उत्तर सुचलं नाही. चहा केला.

रात्री फक्त पंप चालू,
बाकी सगळं मेलेलं, तारा काढून ठेवलेल्या,
खाली टिश्यूची अंथरूणं.
पेटी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली,
एक हट्टी बुडबुडा कोपऱ्यात बसून होता,
तो गुळ्ळ करून टाकीत गेला.
सव्वा लिटर पाणी फिरतंय
हे नुसतं बघून कळत नव्हतं, इतकं ते नितळ.

अडीच वाजता थेंब दिसला.
ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर, फिटिंगच्या बरोबर खाली.
टॉर्च धरला. नळी बोटाने चाचपली, कोरडी.
दुसरी, कोरडी.
थेंब बोटावर घेतला
आणि का कोण जाणे, जिभेवर ठेवला.
खारट.
यंत्रातल्या पाण्याला चव नसते.
हा माझ्याच कपाळावरून पडला होता.

सकाळी आग्नेलला सांगितलं.
तो हसला, पोटभर हसला,
आणि तरीही ती फिटिंग पाव फेरा आवळून गेला.

आज चौथा दिवस.
पाणी चाळीस अंशांवर, खोली तेहतीस.
खोलीपेक्षा गार ते कधीच होणार नव्हतं,
हे मला आधीपासून ठाऊक होतं.
उष्णता जात नाही कुठे. तिला फक्त वाट दिली,
आणि ती वाट संपते
टेबलाखाली, माझ्या पोटऱ्यांशी.

एका दिवाणखान्यात संध्याकाळचं ऊन उतरतंय,
ओळीओळीने, नेहमीपेक्षा भरभर.
बंदराकडून कुठलीशी बोट निघालीय,
कुशीतून कोमट पाणी थुंकत.
खिडकी उघडली तर मीठ येणार.

उघडली. बोटभर.